बाहेरचा रकाना

"हिचं अक्षर अगदी तिच्यासारखं आहे हो. आता काळजी मिटली."

हे मी ऐकायचं नव्हतं. स्वयंपाकघरात सासूबाई सासऱ्यांना हळूच सांगत होत्या आणि मी दाराबाहेर रिकाम्या कपांचा ट्रे घेऊन उभी होते. लग्नाला एकोणीस दिवस झाले होते. माझा रंग, माझी उंची, फार तर माझा चहा, यांवर काहीबाही ऐकू येईल अशी मनाची तयारी होती. सुनेचं अक्षर बघून कोणाची काळजी मिटते, हे मला नवीन होतं. कप खडखडले आणि आतलं बोलणं थांबलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाईंनी माझ्या हातात झारी ठेवली.

वनस्पती उद्यानात, काचघराच्या मागच्या बाजूला, लोकांना लागवडीसाठी वाफे दिलेले आहेत. कोणी पालक लावतं, कोणी टोमॅटो, कोणी नुसतेच सल्ले. सतरा नंबरचा वाफा ताईंचा, म्हणजे माझ्या नणंदेचा. ताई दोन वर्षांपूर्वी आजारपणात गेल्या. मी त्यांना फोटोतच पाहिलेलं. पण तिथला वाफा घराच्या नावावर नसतो, माणसाच्या नावावर असतो. सलग तीन आठवडे नोंद नसली की तो यादीतल्या पुढच्या माणसाला जातो, आणि तो माणूस सगळं उपटून माती उलटीपालटी करून टाकतो. त्या मातीत ताईंनी आपल्या हाताने लावलेले निशिगंधाचे कंद होते. त्या गेल्यापासून एकदाही फुलले नव्हते, पण होते. म्हणून सासूबाईंनी उद्यानाला काही कळवलंच नाही. दोन वर्षं रोज जाऊन त्या पाणी घालत आणि नोंदवहीत लेकीच्याच वळणात तिचं नाव लिहीत. आता त्यांच्या हाताला कंप सुटला होता.

"नाव आणि आल्याची वेळ, एवढंच लिही," त्या म्हणाल्या. "बाकी काही नको."

"आणि कोणी विचारलं तर?"

"कोण विचारतंय! खाली मान घालून लिहायचं. ते तुला जमतंच."

रात्री नवऱ्याकडे विषय काढला. तो म्हणाला, "तेवढाच आधार आहे गं आईला. झाडांना पाणी घालायला तुझं काय जातंय?"

माझं काय जातंय, ते तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं.

वाफ्यांच्या फाटकाशी एक पत्र्याची खोली आहे. तिथे नोंदवही असते आणि माळीबुवा असतात. मी ताईंचं नाव लिहिलं. हात अडखळला नाही, याचंच मला नवल वाटलं. सतरा नंबरपाशी गेले तर माती ओली होती. शेजारच्या वाफ्यांत भेगा पडलेल्या आणि आमच्याकडे बोट घातलं तर दुसऱ्या पेरापर्यंत ओल. म्हटलं, माळीबुवांची कृपा.

पण रोजच तसं. आधी नाव लिहायचं, मग जाऊन बघावं तर पाणी घातलेलं. तण काढून कडेला नीट रचलेलं. एका कांडीला फूल नाही आणि भर दुपारी निशिगंधाचा वास. भीती वाटायला हवी होती. मला मात्र तिथे विलक्षण झोप येई. उन्हात डुलत बसावं, कोणीतरी शेजारी खुरपं चालवतंय असा आवाज ऐकावा, आणि डोळे उघडायचे नाहीत.

तीन आठवडे असे गेले. मग एके दिवशी, का कोण जाणे, मी ताईंच्या ओळीखाली माझंही नाव लिहिलं. बारीक अक्षरात. लग्नानंतर स्वतःचं नाव लिहायची वेळच आली नव्हती. आल्याची वेळ, पावणेचार.

त्या दिवशी परतताना काचघरात अडकले. रोज चार वाजता तिथे नळ्यांतून बारीक तुषार सोडतात. दहा मिनिटं सगळं पांढरं. नेचे दिसेनासे झाले, मग पायवाट, मग माझे हात. थेंब पानांवर पडत होते, अगदी हलके. आणि तो वास...

कट्ट्यावर कोणीतरी पाठमोरं बसलं होतं. ओला पदर. पायांना घोट्यापर्यंत माती.

"ताई?" मी म्हटलं.

"तू नाव लिहिलंस..." आवाज थकलेला, पण गोड होता. "लिहिलं की यावं लागतं गं."

"मग... घरी नाही जात?"

"दार दिसतं. चालते, चालते... जवळच येत नाही. आईला सांग ना. मला सोड म्हणावं."

धुकं विरलं तेव्हा कट्ट्यावर कोणी नव्हतं. सगळं सिमेंट ओलं होतं, फक्त तेवढीच जागा कोरडी होती, एक माणूस बसेल एवढी.

मी धावत पत्र्याच्या खोलीत गेले आणि नोंदवही मागे मागे चाळली. दर पानावर ताईंचं नाव, समोर आत आल्याची वेळ. शेजारी बाहेर गेल्याचा रकाना होता. सगळ्यांचा भरलेला. ताईंचा, दोन वर्षं, रिकामा.

"तुमच्याच घरचा रिकामा असतो," माळीबुवा रोपांच्या पिशव्या भरता भरता म्हणाले. "मी एकदा आजींना म्हटलं, बाहेर गेल्याची वेळ पण टाका. तर रडायलाच लागल्या. माझी लेक गेली, असं मी माझ्या हाताने कसं लिहू, म्हणाल्या."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"झाडं ओळखतो मी. माणसं ओळखणार नाही?"

मी पेन उचललं. ताईंच्या रकान्यात लिहायला लागले. आजची ओळ, कालची, परवाची... पान उलटून मागचं, त्याच्या मागचं. पहिल्या दिवसापर्यंत पोचायला तास गेला असेल. शेवटचा आकडा लिहिला तसा माझ्या कोपराला कोणाचा तरी गार, ओला पदर लागून गेला. फाटकाची कडी वर झाली. खाली पडली. बाहेर कोणी नव्हतं.

माळीबुवांनी मान वर केली नाही. "सावकाश जा, पोरी," एवढंच म्हणाले. मला नाही.

घरी पोचले तेव्हा दिवे लागले होते. सगळे टेबलाशी बसले होते. सासूबाई एकदम ताठ झाल्या. "निशिगंधाचा वास येतोय," त्या पुटपुटल्या आणि मग त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. "काय केलंस तू?"

"अगं, आत ये ना," नवरा हसून म्हणाला. "तिथेच काय पाय आपटतेस?"

मी पाय आपटत नव्हते, चालत होते. केव्हाची चालत होते. टेबल दिसत होतं, त्यावरचा तांब्या दिसत होता, तिघांचे चेहरे दिसत होते, आणि जवळ काहीच येत नव्हतं. कानात बारीक थेंबांचा आवाज सुरू झाला होता. तेव्हा मला आठवलं, आणि त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा मी मोठ्याने बोलले.

"आई, ताईंना मी आज बाहेर लिहून आले. पण माझी वेळ लिहायची राहिली."