कधीच न चालणारी ओळ

नाना सकाळपासून लेकीच्या मागे लागले होते की बाई, सही करून टाक. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, हे त्यांनी विमा कचेरीतल्या कारकुनीत तीस वर्षं घोकलेलं. खिशातलं पेनही त्यांनीच काढून दिलं होतं.

कागद म्हणजे कबुलीजबाब होता. "परक्याचं सॉफ्टवेअर मी चोरून कंपनीच्या मालात घातलं," एवढंच त्यात लिहिलेलं. चार वाजेपर्यंत सही झाली तर फक्त नोकरी जाणार होती, नाही झाली तर पोलिसांत तक्रार. लेक रडत नव्हती, आणि नानांना त्याचीच जास्त धास्ती वाटत होती.

शेवटी तिनंच शेजारच्या नकाशेबाईंना बोलावलं. बाई नकाशा कचेरीतून निवृत्त झालेल्या, आता लोकांच्या खासगी भानगडी तपासून द्यायच्या. त्यांनी चष्मा पुसला आणि पहिल्यापासून सांगायला सांगितलं.

लेकीची कंपनी दवाखान्यातल्या पंपांचं सॉफ्टवेअर बनवते. शिरेतून औषध किती वेगानं सोडायचं ते हे पंप ठरवतात. त्यात दूरदेशीच्या एका माणसानं लिहिलेला भाग सापडला होता. त्याचं काम सगळ्यांना खुलं होतं, अट एवढीच की त्याचं नाव राखायचं आणि त्यावर बांधलेलं आपलंही काम खुलं करायचं. इथं त्याचं नाव पुसलं होतं. त्याची नोटीस आल्याला दहा दिवस झाले होते.

"फुकट म्हणजे बेवारस नव्हे, मावशी," लेक म्हणाली. "हे मला कळतं. मी असं करीन का? पण तो भाग घातल्याची नोंद माझ्या नावावर आहे. तीन वर्षांपूर्वीची, सोळा नोव्हेंबर, दुपारी तीन."

"नोंदीत नाव कोण लिहितं?"

"ज्याच्या मशीनवर काम होतं, तिथूनच ते जातं. नाव काय, तारीखसुद्धा हातानं घालता येते. खरी वेळ सर्व्हरला कळते, पण जुना सर्व्हर गेल्या आठवड्यात मोडीत काढला."

दुपारी दोनला तिघं कंपनीत पोचली.

दवाखान्यांनी पंप परत पाठवले तर टाळं लागेल, हे मालकानं तीनदा सांगितलं. नोटीस त्यानं बाईंपुढे सरकवली. पहिलंच पान वाचून आपण घाबरलो, पुढची पानं वकील बघेल, असं म्हणाला. बाईंनी मात्र सगळी पानं वाचली, आणि एका ओळीवर बोट ठेवून लेकीला हळूच काहीतरी विचारलं. लेकीनं आपल्या मशीनवर पाहून होकारार्थी मान हलवली.

नाना भिंतीकडे बघत बसले. तिथे एक फोटो होता. टेम्पोपुढे माणसं, खोकी, आणि मधोमध गोधडीत गुंडाळलेला संगणक छातीशी धरलेले खुद्द नाना. कोपऱ्यात कॅमेऱ्यानं उमटवलेले केशरी आकडे. त्या दिवशी हीच माणसं त्यांना काका म्हणत चहा पाजत होती. नानांनी मान फिरवली.

मग आला चाचणीवाला, तयार सॉफ्टवेअर तपासून बघणारा. बढती लेकीला मिळाली म्हणून तो तिच्याशी वर्षभर बोलत नव्हता. सोळा नोव्हेंबरचं त्याला काहीच आठवेना. "त्या महिन्यात तर सामान हलवण्यातच जीव गेला," एवढंच तो पुटपुटला. नानांना वाटलं, हाच तो. नजर कशी पडलेली आहे बघा.

शेवटी तांत्रिक प्रमुख आला. शांत, नीटनेटका माणूस. तो गेल्या वर्षी रुजू झाला होता. सर्व्हर बदलायचं आपण आधीच ठरवलं होतं, असं त्यानं न विचारताच सांगितलं. लेकीबद्दल वाईट वाटतं म्हणाला.

"त्या दिवशी ती इथंच काम करत होती?" बाईंनी विचारलं.

"नोंदच सांगते ना. दुपारी तीनला, तिच्या नेहमीच्या जागेवरून."

साडेतीन झाले. नानांचा हात खिशातल्या पेनावर गेला. बाईंनी तो धरला आणि सगळ्यांना बसायला सांगितलं.

"नकाशा चोरीला जाऊ नये म्हणून आम्ही त्यात नसलेली एक गल्ली काढायचो," बाई म्हणाल्या. "ज्याच्या नकाशात ती दिसली, तो चोर. नोटीसवाल्यानंही तेच केलंय. तिसऱ्या पानावर लिहितो की गेल्या उन्हाळ्यात त्यानं आपल्या सॉफ्टवेअरमध्ये कधीच न चालणारी, काहीच काम नसलेली एक ओळ मुद्दाम घातली. ती तुमच्याकडे जशीच्या तशी आहे. मग तीन वर्षांपूर्वी ती कुणी उचलली?"

मालकानं नोटीस ओढून घेतली.

"म्हणजे चोरी गेल्या उन्हाळ्यानंतरची, आणि तारीख खोटी. ती कुणी घातली? आता त्या फोटोतले आकडे वाचा."

मालक उठला, वाकला, आणि तसाच राहिला. "तीन वर्षांपूर्वीची सोळा नोव्हेंबर," तो म्हणाला. "आपण जागा बदलली तो दिवस. सगळी मशीनं टेम्पोत होती."

"तुम्ही टेम्पोबरोबर होता. चाचणीवाल्याला सामान हलवल्याचं अजून आठवतं. दोघांपैकी कुणी खोटी नोंद केली असती, तर हा महिना टाळला असता. तो दिवस ज्यानं पाहिलाच नाही, त्यालाच कॅलेंडरमधली कुठलीही तारीख चालली. स्वतः रुजू व्हायच्या आधीची असली म्हणजे झालं. सर्व्हरही त्यानंच मोडीत काढला. नेहमीची जागा म्हणे. हिची जागा तेव्हा टेम्पोत होती."

प्रमुख खालच्या आवाजात म्हणाला, "तो भाग लिहायला मुदत तीन महिन्यांची होती. सगळं स्वतः लिहीन म्हणून शब्द दिला होता. लिहून होईना. नोटीस आली आणि मी घाबरलो."

हात दाखवून अवलक्षण, असं बाई पुटपुटल्या. मालकानं कबुलीजबाब फाडला, पण त्याची भीती गेली नव्हती. आता दवाखान्यांना काय सांगायचं, हे तो बाईंना विचारत होता. बाई म्हणाल्या, खरं सांगा, नोटीस शेवटपर्यंत वाचा. त्या माणसानं पैसे मागितलेलेच नाहीत, अटी पाळायला सांगितल्यात.

नाना फोटोपुढे उभे होते. त्यांचे डोळे भरून आले.

"पोरी, ते तुझंच मशीन होतं," ते म्हणाले. "माझ्या हातात होतं. मीच साक्षीदार, आणि सकाळी सही कर म्हणून मीच मागे लागलो."

लेकीनं त्यांच्याकडे पाहिलं. तिनं नोटीस उलटून कोरी बाजू वर केली.

"द्या ते पेन, नाना," ती म्हणाली. "आधी त्या माणसाला उत्तर लिहायचंय. त्याचं नाव आम्ही परत लावतोय म्हणून."