निनादच्या खोलीतला केर

सकाळी केरक्रमाने दिवसाची आखणी वाचून दाखवली. आधी स्वयंपाकघर, मग बाहेरची खोली, मग ओवीचा खेळायचा कोपरा. निनादची खोली आजही वगळली होती.

केरक्रम म्हणजे घर झाडण्यापुसण्याचा क्रम लावणारी यंत्रणा. घरातली बरीचशी धूळ माणसांच्याच अंगावरून झडते: कातडीचे कण, केस, कपड्यांचे धागे. या अंगधुळीवरून केरक्रमाला कळे, कोण कुठे किती वावरलं आणि उद्या कुठला कोपरा मळणार. मग तिची चपटी यंत्रं कमीत कमी फेऱ्यांत घर लख्ख करत. शर्वरीबाईंची आई हेच गणित डोक्यात करायची. वरून खाली, आतून बाहेर. जळमटं शनिवारी, डबे-बरण्या दिवाळीआधी. पदर खोचून ती सुरू झाली, की कोणाची वाटेत यायची हिंमत नसे.

शर्वरीबाईंचा मुलगा निनाद चार वर्षांपूर्वी 'अगस्ती' यानातून शनीच्या एका चंद्राकडे निघाला, तेव्हा त्याची लेक ओवी रांगत होती. यानात एकेचाळीस माणसं होती. चौदा महिन्यांपूर्वी यानाचे संदेश थांबले. शोध चालू आहे, एवढंच उत्तर मिळे. आणि त्याच्या खोलीत चार वर्षांत केर निघाला नव्हता. दार लावलं तरी फटींतून धूळ घरभर येई. यंदा ओवीची छाती वाजायला लागली. खोली साफ करा, नाहीतर पोरीला इथून हलवा, असं डॉक्टरांनी बजावलं. सून गार्गी दोनदा ओलं फडकं घेऊन आत गेली आणि दोन्ही वेळा तशीच बाहेर आली.

शेवटी तिने मुग्धा शेवाळेला बोलावलं. केरक्रम घडवणाऱ्या शास्त्रज्ञांपैकी ती एक.

"बिघाड नाहीये काकू," नोंदी चाळत मुग्धा म्हणाली. "वाट बघतेय ती."

"कसली?"

"निनाद पोचल्याच्या निरोपाची. पहिलं वर्षभर ही घरातल्या सवयी शिकते. कोणी गावाला निघालं, की तुम्ही हिला थांबवत होतात ना?"

शर्वरीबाई ओशाळल्या. "माणूस निघालं की त्याच्या पाठोपाठ केर काढू नये. पोचल्याचं कळलं की काढावा. आई सांगायची."

"माझीही सांगते. लाखो घरांत बायकांनी हिला असंच थांबवलं. एका घरात शिकलेलं हिला सगळ्या घरांत कळतं. आता तिच्या लेखी तो नियमच झालाय."

"अगं, मग मोड की तो नियम!" गार्गी म्हणाली. "इथे पोरीला श्वास घेता येत नाही, आणि यंत्र शकुन पाळतंय!"

"मोडायची गरजच नाही. एक शब्द पुरे. काकू, 'पोचला' म्हणा. किंवा..." मुग्धाने मान खाली घातली. "'येणार नाही' असं म्हणा."

आतून ओवीच्या खोकल्याची उबळ ऐकू आली. लांबली, थांबली, पुन्हा आली. गार्गी तिच्याकडे धावली.

दुसरा शब्द शर्वरीबाईंच्या ओठांपर्यंतही येईना. आयुष्यात त्या फारशा खोटं बोलल्या नव्हत्या.

"पोचला," त्या म्हणाल्या. "निनाद पोचला."

यंत्रं ताबडतोब आत शिरली. पलंगाखालून, टेबलामागून राखाडी थर उचलला जाताना त्या उंबऱ्याशी उभ्या राहून बघत होत्या. वीस मिनिटांत फरशी दिसू लागली. मग केरक्रमाचा नेहमीचा मंजुळ आवाज आला, "निनाद यांची अंगधूळ शिल्लक नाही. खोली रोजच्या आखणीत घेतली आहे."

मुग्धा निरोप घेऊन गेली. तासाभराने फोन वाजला. अकोल्याहून मानसीताई वानखडे होत्या. त्यांची तन्वी 'अगस्ती'वर यंत्रज्ञ होती.

"पोचले न वो ताई आपले लेकरं!" त्या रडत होत्या, हसत होत्या. "माह्या तन्वीच्या खोलीत केर काढून राहिलं न यंत्र! चार वर्षं शिवलं नव्हतं त्यानं. मले तर निरोप नाही आला अजून, तुमाले आला असंन. काय म्हणे निनाद? तन्वीचं काही बोलला का?"

शर्वरीबाईंनी निनादच्या लख्ख खोलीकडे बघितलं. एकाच यानातली माणसं. एक पोचला म्हणजे सगळे पोचले, एवढा साधा हिशेब केरक्रमाने केला होता. बाकीच्या चाळीस घरांतही या घडीला तशीच खोली झाडली जात होती. फोनच्या पडद्यावर आणखी नावं उमटू लागली: सांगलीचं घर, जळगावचं, मालवणचं.

"हॅलो? ताई, ऐकू येऊन राहिलं का?"

"येतंय." शर्वरीबाईंनी भिंतीला हात टेकला. "मानसीताई, घरात कोण आहे आत्ता तुमच्याबरोबर?"

"हे आहेत ना, पेढे आणाले निघाले."

"त्यांना थांबवा," त्या म्हणाल्या. "आधी तुमच्याजवळ येऊन बसू द्या त्यांना."