पिवळं झालं का?

दिवा जरा लहान करा आणि ऐका. हसायचं त्यांनी नंतर हसावं. हा माणूस माझ्या रोजच्या उठबशीतला आहे आणि थापा मारणं त्याला जमतच नाही.

पाणी शुद्ध करायच्या केंद्रावर तो रात्रपाळीला असतो. गढूळ पाण्यात तुरटी सोडायची, निवळलं की जंतू मारायच्या पावडरीचं पाणी सोडायचं. मग काचेच्या नळीत नमुना घेऊन औषधाचे दोन थेंब टाकायचे. पिवळं झालं तर पाणी पिण्याजोगं. पहाटे पाचला ते गावाला सुटतं.

त्याच्याआधी तिथे एक म्हातारा मिस्त्री होता. सुट्टीच्या दिवशीही घरून फोन करून विचारायचा, "पिवळं झालं का?" सगळे त्याला पिवळेकाका म्हणून चिडवायचे. तो गेला तेव्हा बायकोने त्याची टवका उडालेली नळी त्याच्या खिशात ठेवली आणि मगच त्याला उचलू दिलं.

तर, चौदा जुलै, रविवारची रात्र. यानं तुरटी सोडली, पावडर कालवली आणि थेंबांचा मात्र कंटाळा केला. घरी बारा दिवसांची, वरच्या दुधावरची मुलगी. आठवडाभर डोळ्याला डोळा नव्हता. खुर्चीतच पेंगला बिचारा.

दोन वाजून दहा मिनिटांनी भिंतीवरचा फोन वाजला.

"पिवळं झालं का?"

झोपेतच तो म्हणाला, "झालं, काका."

पलीकडे नुसतं पाणी टपकत होतं... मग अगदी हळू,

"पोरीचं दूध याच पाण्यात कालवता ना?"

त्याची झोप खाडकन उतरली. काका तर... त्याने फोन ठेवला. नजर वायरकडे गेली. मोबाइल आल्यापासून ती तोडलेली होती. टोक भिंतीवर लोंबत होतं.

तो धावला. नमुना घेतला. दोन थेंब. पाणी तसंच. पुन्हा दोन थेंब. तसंच...

पावडरीचा पाइप गाळाने तुंबला होता. साडेतीनला त्याने तो मोकळा केला. साडेचारला नमुना पिवळा झाला, तेव्हा त्याला रडू आलं.

सातला घरी पोचला. बायको दारातच थांबली होती. म्हणाली, नळाला पाणी आलं तेवढ्यात कडी वाजली. उघडलं तर कोणी नाही.

"हे तेवढं होतं. मी हात लावला नाही."

उंबऱ्यावर काचेची नळी. गोल बुडाची, टवका उडालेली, कशालाही न टेकता उभी. आत बोटभर पाणी...

पिवळं.