पोटावरची ऊब

पारनेरच्या एसटी स्टँडामागच्या दवाखान्यात डॉक्टर गंधे खुर्चीतून पालथे पडले होते. मागून कवटी फुटलेली. घाव एक नव्हता, सात-आठ असतील. खाट, भिंत, टेपरेकॉर्डर, सगळ्यावर रक्त उडालं होतं. फळीवरच्या खलात काळपट, चिकट राप होता. त्यातला लोखंडी बत्ता खाटेखाली पडला होता.

बाहेर लोकांनी भीमराजला खांबाला बांधून तुडवायला घेतलं होतं. फौजदार सैफ शेख मध्ये पडला नसता तर दुसरा मुडदा पडला असता.

भीमराज राळेगणचा. कळ आली की त्याला एसटी थांबवावी लागे. कंडक्टर त्याला 'टमरेलशेठ' म्हणत. तपासण्यांत काहीच निघत नसे. आतडं चिडखोर झालंय, असं सांगून डॉक्टर त्याला संमोहनानं बरं करत होते.

कंपाउंडर पुंजाराम कडक घडीच्या ॲप्रनमध्ये उभा होता. भीमराज झोपेतच उठला, डॉक्टरांच्या डोक्यात बत्ता घातला आणि पुन्हा खाटेवर आडवा झाला, हे त्यानं खिडकीतून पाहिलं म्हणे. संमोहनात माणूस काहीही करतो, यावर जमावानं माना डोलावल्या.

सैफ बीएस्सी झालेला. त्यानं मान डोलावली नाही.

"तू मारलंस?"

"ठावं न्हाई, सायेब. पुंजारामनं हलवून उठीवलं तवा बत्ता हातात हुता. मीच मारलं असंल."

"त्याआधी?"

"हेडफोनात नदीचं पानी अन् डॉक्टरांची कॅसेट. हाताच्या तळव्यांखाली ऊब येईल, म्हनायचे. आज लई ऊब आली. कवाच येवडी न्हवती."

"औषध काय घेतोस?"

"पुंजारामची पुडी घ्यायचो. म्हैना झाला, सोडली. उरलेल्या पुड्या डॉक्टरांनी मागून घेतल्या."

सैफनं त्याचे हात सोडवले. शर्टावर छातीपासून कमरेपर्यंत शिंतोडे होते. पोटावर मात्र दोन जागा कोऱ्या.

"कॅसेट ऐकताना ठेवायचास तसे हात ठेव."

तळवे त्या कोऱ्या जागांवर नेमके बसले. शिंतोडे हातांच्या पाठीवर होते.

"मारणाऱ्याचा हात वर जातो," सैफ जमावाला म्हणाला. "शेवटचा घाव पडेपर्यंत याचे दोन्ही हात पोटावरच होते. हा उठलाच नाही. मग पुंजाराम, तुला उठलेला कोण दिसला?"

पुंजाराम एक पाऊल मागे सरकला.

"खलातला राप अफूचा आहे, वासावरूनच कळतं. पुडीत तीच घालून तू रोगी बांधून ठेवलेस. संमोहनानं ते सुटायला लागले आणि डॉक्टरांना पुड्या सापडल्या. आणि संध्याकाळचे पाच वाजले तरी तुझ्या ॲप्रनची घडी मोडली नाही. काढ तो."

पुंजाराम पळाला. हवालदार छगननं त्याला पायरीवरच लोळवला. ॲप्रन फाटला. आतला शर्ट कॉलरपर्यंत रक्तानं भिजलेला होता.

"संमोहनातला माणूस मातीचा गोळा असतो, असं याला वाटलं," सैफ म्हणाला. "हात कुठं ठेवायचे ते भीमराजला पक्कं ठाऊक होतं."

भीमराज हातांवरचे डॉक्टरांच्या रक्ताचे सुकलेले थेंब बघत होता.

"म्हंजे सायेब, ती ऊब..."

सैफनं मान खाली घातली. भीमराज पोट धरून पायरीवर बसला.