बाबांचं डीफॉल्ट

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. कुणी असलं काही सांगायला लागलं की मी तोंडावर हसायचे. म्हणून तुम्ही हसलात तरी मला राग येणार नाही.

पण हे माझ्या घरात घडलंय... आणि अजून संपलेलं नाही.

रात्र वगैरे नव्हती. रविवारची भर दुपार. मी आतल्या खोलीत कॉम्प्युटरवर, बाबा बाहेर खुर्चीत, आई ओट्याशी.

माझं काम अ‍ॅनिमेशनचं. कॉम्प्युटरमधल्या माणसांना उठवायचं, बसवायचं, चालवायचं. त्यांचा एकेक सांधा वेगळा फिरवता येतो. पोज बिघडली की रीसेट दाबायचं. सगळे सांधे शून्यावर येतात आणि माणूस मूळ अवस्थेत उभा राहतो. दोन्ही हात बाजूला सरळ पसरलेले, तळवे जमिनीकडे, नजर समोर. त्याला आम्ही डीफॉल्ट म्हणतो.

बाबांना अर्धांगवायू झाला होता. उजवा हात छातीशी आखडलेला, मूठ घट्ट, मान कलती. वाचा गेलेली. पाणी हवं असलं की डाव्या हाताच्या बोटाने खुर्चीवर टकटक करायचे. दोनदा.

मला जन्मभर "ए ढमे" म्हणून चिडवणारा माणूस! ती हाक परत ऐकायला मी वाट्टेल ते केलं असतं.

व्यायाम घ्यायला येणारी बाई म्हणाली होती, "त्यांना त्यांचाच हात उघडताना दाखवा. कधी कधी फरक पडतो."

म्हणून मी फोटोंवरून बाबांची आकृती बनवली. आधी तिला त्यांच्यासारखंच आखडून बसवायचं, मग हळूहळू मूठ उघडायची, असा बेत.

त्या दुपारी पोज अखेर हुबेहूब जमली. इतकी की मला बघवेना.

"अगं, जेवायला येतेस की नाही? सगळं गार झालं!" आई ओरडली.

"आले गं! डोकं नको खाऊस!"

त्या घाईत मी सेव्हऐवजी शेजारचंच बटण दाबलं. 'हीच पोज डीफॉल्ट करा.'

झालं! आता त्या आकृतीचं शून्य म्हणजे ती मूठ, तो आखडलेला हात. आमच्याकडे होतं असं. मागे घेता येतं. मी माऊसकडे हात नेला...

आणि लक्षात आलं, बाहेर मघापासून चाललेली बाबांची टकटक थांबलीय.

मग आईच्या हातातलं भांडं पडलं.

मी धावले.

बाबा उभे होते.

ताठ. उजवी मूठ उघडलेली, पाचही बोटं मोकळी. आई त्यांना धरून हमसाहमशी रडत होती. मीही रडले, खोटं कशाला बोलू? इतका आनंद मला कधीच झाला नव्हता.

"बाबा, बोला ना काहीतरी!"

"बरा आहे मी, बाळ."

बाळ...?

त्यांनी मला कधीच बाळ म्हटलं नव्हतं.

डॉक्टरांनी तोंडात बोट घातलं. बाबा चालतात, जेवतात, सांगितलं की सगळं करतात. पण करायला काही नसलं की...

एकदा मी बाजारातून आले, तर ते खिडकीशी उभे होते.

दोन्ही हात बाजूला सरळ पसरलेले. तळवे जमिनीकडे. नजर समोर.

माझ्या हातातली पिशवी गळून पडली.

"बाबा... हात खाली करा ना."

हात खाली आले. दोन्ही एकदम, एकाच वेगाने.

"दुखत नाहीत?"

"असंच बरं वाटतं, बाळ."

आईला सांगितलं तर ती माझ्यावरच उखडली. "व्यायाम करतात ते! तुला मेलीला त्यांचं चांगलं बघवत नाही का?"

मी आत गेले. त्या रविवारपासून स्क्रीन चालूच होती. आकृती तशीच बसलेली, मान कलती. मी तिला एकही हालचाल दिलेली नव्हती.

तिच्या डाव्या हाताचं बोट उचललं गेलं...

आणि टेकलं.

पुन्हा उचललं गेलं. पुन्हा टेकलं.

स्पीकर बंद होते. पण ती टकटक मला ऐकू आली, अगदी स्पष्ट.

मी माऊस धरला. मागे घेतलं की सगळं पहिल्यासारखं होईल. माझे बाबा परत येतील... मुकाट, आखडलेले, खुर्चीत. आणि बाहेर आई कितीतरी महिन्यांनी गुणगुणत होती.

मी माऊस सोडला.

तेव्हापासून कॉम्प्युटर बंद केलेला नाही. बंद झाला तर मागे घ्यायची सोयही जाईल. दिवा जरा मिणमिणला तरी मी धावत स्क्रीनपाशी जाते. धड झोप नाही, धड जेवण नाही. रोज ठरवते, आज करायचं. रोज आईचं तोंड बघते आणि राहून जातं.

आज सकाळी त्या आकृतीचे ओठ हलले.

आवाज नाही. पण ते दोन शब्द जन्मभर ऐकलेत मी. नुसत्या ओठांवरूनही कळतात.

ए ढमे...

तेवढ्यात बाहेरून आईची हाक आली, "अगं, ऐकतेस का? बाबा बोलावतायत तुला!"

मी अजून उठलेली नाही.