तारेवरचा हात

फकिरा गेल्यानं तनुजाला काय मिळणार होतं? रिक्षा क्रांती चौकात सिग्नलला थांबली, तेवढ्यात भानुमतीबाईंनी जमेची बाजू मांडून पाहिली. काही नाही. आणि दोष तनुजाच्या नावावर पडल्यानं कोणाला काय मिळणार होतं? ही यादी मात्र सिग्नल सुटला तरी संपेना. डॉ. विश्वजीतला नव्या हृदयविभागाचं प्रमुखपद. संस्थेला त्याच विभागाच्या उद्घाटनाचा मांडव न उतरवता उभा. काकासाहेबांना झोप.

काकासाहेब म्हणजे हॉस्पिटलच्या संस्थेचे अध्यक्ष. सकाळी त्यांचाच फोन आला होता.

"बाई, लगेच या. परवा एक पेशंट गेला, फकिरा नावाचा. नर्स तनुजाची चूक आहे, पण ती कबूल करत नाही. तुम्ही जरा बघून घ्या."

"बघून घेऊ, की मिटवून घेऊ?"

"तुम्ही पण ना, बाई!"

भानुमतीबाईंचं अर्धं आयुष्य हृदयरोग शिकवण्यात गेलेलं. निवृत्तीनंतर, कोणाच्या हातून काय निसटलं ते शोधायला लोक त्यांना बोलवायचे, आणि बोलावल्याबद्दल पस्तावायचे.

दारात प्रणय उभा होता. विश्वजीतचा मदतनीस डॉक्टर. बाईंच्या शेवटच्या बॅचचा, लाडका. त्यानं एका हातात त्यांची पिशवी घेतली. दुसऱ्या हातात चहाचा कागदी कप होता.

"नमस्कार, डॉक्टरसाहेब," बाईंनी चेष्टेनं दोन्ही हात जोडले.

कप खाली, पिशवीही खाली. प्रणयनं त्यांचे हात धरून खाली केले. "नाही हं, मॅडम. तुम्ही मला हात जोडायचे?"

"चहा सांडलास की रे."

"सांडू द्या."

बाई हसल्या. पोरगा पहिल्या वर्षापासून असाच. वॉर्डात एखादं म्हातारं माणूस हात जोडायला लागलं की याचा जीव वरखाली.

प्रकरण सरळ दिसत होतं. फकिरा देवगाव रंगारीचा. लासूर स्टेशनच्या बाजारात कांदा नुसता हातात दाबून तो कुठवर टिकेल ते सांगणारा माणूस. छातीत दुखलं, सकाळी विश्वजीतनं स्टेंट बसवला. दुपारी फकिरा बायकोशी बोलला, ताक मागितलं. संध्याकाळी बीपी ढासळलं आणि तो गेला. शवविच्छेदनात निघालं, की स्टेंट जागेवर, रक्तवाहिनी मोकळी. पण हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त साचलेलं. त्या रक्तानं बाहेरून आवळून हृदय बंद पाडलं होतं.

"रक्त पातळ ठेवायचं औषध पंपातून चालू होतं," विश्वजीत म्हणाला. "तनुजानं वेग वाढवला असणार. म्हणून आत रक्तस्राव झाला."

"वाढवताना पाहिलंस?"

"प्रणयला तसं वाटतंय."

"मी तुला विचारलं."

"नाही पाहिलं. पण माझं काम स्वच्छ होतं, मॅडम. फिल्म बघा ना."

बाईंनी चष्मा लावला. स्टेंट बसवायचा तर आधी केसासारखी बारीक तार अडथळ्यातून पार न्यावी लागते. फुगा, स्टेंट, सगळं मग त्या तारेवरून सरकतं. पडद्यावर ती तार काळ्या दोऱ्यासारखी दिसत होती.

"ही निसरड्या आवरणाची तार?"

"अडथळा कठीण होता. साधी जाईना."

"पार गेल्यावर बदलून मऊ घातलीस?"

"लवकर आटपत आलं होतं. गरज वाटली नाही."

"आणि स्टेंट दाबून बसवायच्या शेवटच्या फुग्याच्या वेळी तारेचं टोक कुठंय?"

विश्वजीत किंचित अडखळला. "चौकटीच्या बाहेर. स्टेंट मधोमध घेतला होता. नातेवाइकांना दाखवायचं होतं."

ही विश्वजीतची पद्धत. काम संपत आलं, की घरचं एक माणूस काचेपलीकडच्या खोलीत बोलवायचं आणि आतूनच पडद्याकडे हात करून दाखवायचं: बघा, रस्ता मोकळा. तालुक्या-तालुक्यात त्याचं नाव झालं ते निम्मं या काचेमुळे.

"ते माणूस आलं तेव्हा तुझे डोळे कुठं होते?"

"काचेकडे."

"आणि हात?"

"फुगा आत सरकवत होते. तार प्रणयनं धरली होती."

बाईंनी शेवटची फिल्म पुन्हा लावली. अगदी कडेला, चौकट संपते तिथं, शाई फुटल्यासारखा एक फिकट ठिपका होता. त्यांनी चष्मा काढला आणि तनुजाचा पत्ता मागितला.

पुंडलिकनगरातल्या खोलीवर तनुजानं दार अर्धंच उघडलं. कामावरून काढल्यापासून ती दार असंच उघडत होती.

"पंपाला हात लावलास?"

"लावला, मॅडम. बंद करायला. बीपी पडल्यावर."

"आणखी काय दिसलं?"

"मानेच्या शिरा टरारल्या होत्या. मी प्रणयसरांना फोन केला. इको करू या का, म्हटलं. ते म्हणाले, सलाईन वाढव, बघू."

"मग?"

"परत केला. तेव्हा ते बोलेचनात. मला वाटलं, रडतायत. मग वाटलं, नेटवर्क असेल."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. कोपऱ्यात भरलेली बॅग होती.

"गावी निघालीस?"

"आईनं भरलीय. मी नाही जाणार. गेले तर मीच मारलं असं होईल."

साळूबाई हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बसल्या होत्या, नवऱ्याचे कागद मिळायची वाट बघत. मांडीवर फकिराच्या चपला, पिशवीत घातलेल्या. बाईंनी दोन चहा आणले आणि शेजारी बसल्या.

"काचेतून काय दिसलं तुम्हाला?"

"टीवी दिसला. मला काय कळतंय त्यातलं, बाई? मोठे डॉक्टर म्हनले, रस्ता मोकळा झाला. मला वाटलं, देवच उभा हाय तिथं. म्या हात जोडले. मोठ्या डॉक्टरला जोडले, मग त्या बारक्या डॉक्टरला बी जोडले."

"मग?"

"लई गुणाचं लेकरू हो! त्यानं दोन्ही हात असे वर केले. नको मावशी, नको, म्हनून. माझ्या डोळ्याला पानीच आलं."

बाईंनी चहाचा कप बाकावर ठेवला. ठेवताना तो कलंडला आणि चहा सांडला. आज दुसऱ्यांदा.

दुपारी फिल्मच्या खोलीत सगळे जमले. साळूबाईंना बाहेर बसवा, असं काकासाहेब म्हणाले.

"माणूस त्यांचं गेलंय. तुम्हाला हवं तर तुम्ही बाहेर बसा."

काकासाहेब आतच बसले. दाराशी तनुजा उभी राहिली.

"पातळ रक्त भोक पाडत नाही," बाईंनी सुरुवात केली. "भोक आधीच असेल तर त्यातून लवकर वाहतं, एवढंच. मग भोक कोणी पाडलं? स्टेंट धड आहे. वाहिनी तिथं धड आहे. राहिली तार."

त्यांनी पहिली फिल्म लावली. "हे टोक बघा. वळणाच्या अलीकडे, जिथं असायला हवं तिथं. हा पुढचा क्षण. फुगा आत चाललाय. फुगा सरकताना मागून तार घट्ट धरावी लागते. नाही धरली, तर फुग्याबरोबर तीही पुढं जाते. आणि ही निसरडी. कुठं टोचतेय ते हाताला कळतसुद्धा नाही. टोक बारीक फांदीत शिरलं आणि आरपार गेलं. चौकटीत टोक ठेवलं असतं तर दिसलं असतं. पण चौकटीत काचेपलीकडच्यांसाठी स्टेंट होता."

"म्हणजे माझ्या..." विश्वजीतचा चेहरा उतरला.

"तुझी पद्धत. तार न बदलणं, टोक न पाहणं, काचेकडे बघणं. हे तुझ्या नावावर. पण तुला माहीत नव्हतं. माहीत दुसऱ्याला होतं." त्यांनी कडेच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "हा रक्तवाहिनीत सोडलेला रंग, बाहेर झिरपलेला. आणि इथं तारेचं टोक परत मागं, चौकटीत आलेलं दिसतंय. आपोआप येत नाही ते. कोणीतरी हा ठिपका पाहिला, घाबरून तार ओढून घेतली आणि गप्प बसलं. तेव्हाच सांगितलं असतं तर तोच फुगा त्या फांदीच्या तोंडाशी फुगवून रक्त थांबवता आलं असतं. संध्याकाळी तनुजानं विचारलं तेव्हा इको केला असता, तरी पिशवीतलं रक्त दिसलं असतं आणि सुईनं ते काढून माणूस वाचला असता. दोनदा दार उघडं होतं. आणि पंपाचा वेग चुकला असेल, हे सगळ्यांत आधी कोण म्हणालं?"

कोणी प्रणयकडे बघितलं नाही. तो स्वतःच उठला.

"मला वाटलं, थांबेल," तो म्हणाला. "बारीकच होतं, मॅडम. मला वाटलं, आपोआप थांबेल. संध्याकाळी वाटलं, आता सांगितलं तर सकाळीच का नाही सांगितलं असं विचारतील."

"आणि मी?" दारातून तनुजा म्हणाली. "माझं काय वाटलं?"



"पण तू तार सोडलीसच कशी?" विश्वजीत ओरडला. "शिकाऊ पोरगं सोडत नाही!"

"ते राहू दे," बाई घाईनं म्हणाल्या. अहवालात त्यांनी 'हात सुटला' एवढंच लिहायचं ठरवलं होतं.

"का राहू दे? का सोडलीस?"

प्रणयची नजर साळूबाईंकडे गेली, आणि तेवढं पुरलं.

साळूबाईंनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. मग हळूच विचारलं, "म्हंजी, म्या हात जोडले म्हनून व्हय?"

भानुमतीबाई त्यांच्यासमोर येऊन बसल्या.

"नाही, साळूबाई. त्या वेळी त्याचे हात त्याचे नव्हते. तुमच्या मालकांचे होते. ते त्यानं तुम्हाला द्यायचे नव्हते."

"पर म्या जोडले नसते तर?"

आयुष्यभर विद्यार्थ्यांना खरं उत्तर द्यायला लावणाऱ्या भानुमतीबाईंना खोटं सुचलं नाही आणि खरं बोलवलं नाही.

प्रणय साळूबाईंच्या पायांवर वाकला. त्यांनी पाय लुगड्यात ओढून घेतले. रागानं नव्हे. त्यांना बहुधा हात-पाय कुठं ठेवावेत तेच कळेना.

"तवाच बोलायचं व्हतं, लेकरा," त्या म्हणाल्या. "म्या वरडले नसते तुला."

पुढचा हिशोब थोडक्यात असा. उद्घाटनाचा मांडव उतरला. विश्वजीतचं प्रमुखपद गेलं, काचेला पडदा लागला. प्रणयनं कबुलीजबाब लिहून दिला. त्याच्या डॉक्टरकीचं काय करायचं ते आता चौकशी ठरवेल. तनुजा कामावर परतली, पण डॉक्टरांना केलेला प्रत्येक फोन ती आता वेळेसकट वहीत लिहून ठेवते. भानुमतीबाईंचा एक विद्यार्थी कमी झाला. दारात सांडलेला तो चहा त्या विसरू शकल्या नाहीत.

आणि साळूबाई. देवगावात दिवसकार्याला माणसं भेटायला आली, थोरामोठ्यांनी हात जोडले. साळूबाईंनी आपले हात पदराखालून काढले नाहीत. बायका कुजबुजल्या, दुःखानं रीत विसरली. सगळ्यांत जास्त किंमत त्यांनीच भरली होती, आणि त्यांच्या नावावर तर एकही चूक निघत नव्हती.