शिवेपलीकडचं घर

वडनेरच्या जनावरांच्या दवाखान्यात चंद्रभान मलमपट्टीचं काम करायचा, तरी गाव त्याला डाक्टरच म्हणे आणि त्यालाही ते ऐकायला गोड वाटे. अठ्ठ्याहत्तर साली त्यानं गावाच्या शिवेपलीकडे, नाल्याच्या काठी घर बांधलं. जागा ऐसपैस होती, आणि मुख्य म्हणजे कुणालाच नको होती.

त्या घरात पाय ठेवल्यापासून भुऱ्या बिथरला. गावात राजासारखा हिंडणारा कुत्रा, पण इथं कोठीच्या खोलीचा एक कोपरा दिसला की शेपूट पोटाखाली घालायचा. झोप नसताना जांभया द्यायचा, भूक नसताना ओठ चाटायचा.

"पिसाळला वाटते," त्याची बायको कांता म्हणाली. तिला पाचवा महिना होता, आणि जीव धास्तावलेला. "पोळ्यापर्यंत सुधरला तर ठीक. नाईतर जाम गावच्या ढाब्यावर सोडून द्या त्याले."

"पिसाळला नाई, भ्याला आहे. काऊन भ्याला, ते पायतो मी."

भुऱ्याला त्यानं बोटानं दूध चाटवून वाढवलं होतं. तो ढाब्यावर उष्टं खात फिरेल, हे त्याला सोसवेना. त्यानं आपला उपाय सुरू केला. आज भाकरीचा तुकडा दाराशी, उद्या जरा आत. ओढाओढ नाही, ओरडणं नाही. हळूहळू भुऱ्या त्या कोपऱ्यात बसून भाकरी खाऊ लागला आणि चंद्रभानला आभाळ ठेंगणं झालं.

मग भुऱ्या धान्याच्या कणगीकडे बघून जांभया देऊ लागला.

चंद्रभाननं कणगी हलवली. उंदीर नाही, साप नाही. नुसता ओल्या, कुजक्या पाल्याचा वास. तिथली भीती मोडली तर भुऱ्या खाटेला भिऊ लागला, आणि पाल्याचा वास खाटेखाली आला. चंद्रभानला भीती नाही वाटली, मोठं नवल वाटलं. भीतीसुद्धा बिऱ्हाड हलवते की काय!

पोळ्याच्या दुपारी म्हातारा तानबा कुंपणाशी आला. गावात दारोदारी पळसाच्या फांद्या, म्हणजे मेढे, रोवले होते. कांतानंही एक रोवला होता. दुसऱ्या सकाळी मेढा उपटून शिवेबाहेर टाकायचा, म्हणजे घरातली दुखणी त्याच्यासोबत जातात.

"डाक्टर, ते मेढे आमी इथंच फेकत होतो," तानबा म्हणाला. "बापजाद्यापासून. तुमचं घर आहे ना, तिथंच."

"भित्यापाठी ब्रह्मराक्षस, तानबाजी!" चंद्रभान हसला.

सकाळी गाव मेढे घेऊन, दुखणी नेणाऱ्या मारबतीच्या नावानं ओरडत आलं. "खासी, खोकला घेऊन जा गे मारबत!" घर पाहून लोक ओशाळले आणि नाल्यापलीकडे जाऊन मेढे टाकून परतले. कांता आपला मेढा उपटायला निघाली.

"कुठं टाकशीन तो?" चंद्रभाननं तिला चिडवलं. "आपण तं शिवेच्या बाहेरच रायतो!"

कांता हिरमुसली. मेढा दाराशीच राहिला.

थोड्या वेळानं भुऱ्या आपणहून घरात आला. त्यानं कोपरा हुंगला, कणगी हुंगली, खाटेखाली मजेत लोळला. शेपूट हलत होतं.

"पाय कांता, सुधरला!" चंद्रभानला आनंद आवरेना. तो उकिडवा बसला आणि भाकरीचा तुकडा पुढे केला. "ये रे भुऱ्या."

बोलता बोलता त्याला खोकला आला.

भुऱ्या थबकला.

त्यानं जांभई दिली. ओठ चाटले.

मग शेपूट पोटाखाली घालून तो मागे मागे सरकला, आणि कांताच्या पायांपुढे, दोघांच्या मध्ये, थरथरत उभा राहिला.

"भुऱ्या, मी आहो ना," चंद्रभान म्हणाला आणि पुन्हा खोकला.

कांतानं एक हात कुत्र्याच्या पाठीवर ठेवला. दुसऱ्या हातानं तिनं पदर नाकाला लावला.